शिट्टीची दोरी

आमच्या गावात मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. टेबलाच्या पलीकडं बसणारा जो कोणी असेल त्याला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. नाव रामप्रसाद. बत्तीस वर्षं मी तालुक्याच्या उपकोषागारात बिलं तपासली. सरकारी खात्यांची बिलं आमच्या खिडकीत यायची, आम्ही वरचं शीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या सदरातला, ते बघायचं, त्या शीर्षाखाली पैसे शिल्लक आहेत का ते बघायचं, आणि पास करायचं नाहीतर शेरा मारून परत पाठवायचं. एवढं काम बत्तीस वर्षं केलं की माणसाला वाटायला लागतं, सरकार आपल्याला कळलं. मलाही वाटत होतं. त्या वाटण्याचा फटका मला बसला नाही, पौर्णिमाला बसला, म्हणून तिच्याबद्दल सांगतो.

पौर्णिमा आमच्या गल्लीच्या मागं, भीमनगरात राहते. माहेर शिरूर कासारचं. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिचा स्वतःचा जन्म कारखान्याच्या अड्ड्यावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत झालेला. नवरा पवन, मुलगी चैताली. सासू भिमाबाई मागच्या फाल्गुनात वारली. पौर्णिमाचं वय छत्तीस. चालताना कंबर धरून चालते, पण अंगावर खाकी चढली की अशी ताठ उभी राहते की ओळखू येऊ नये. कारण पौर्णिमा होमगार्ड आहे.

होमगार्ड म्हणजे पोलीस नव्हे, हे लोकांना सांगून सांगून ती थकली. गणपती, नवरात्र, निवडणूक, कुठं मोर्चा, कुठं तणाव, पोलीस कमी पडले की यांना बोलवायचं. जेवढे दिवस उभं राहिलं तेवढ्या दिवसांचा भत्ता. बोलावलं नाही तर वर्दी खुंटीला. आठ वर्षं तिचं असंच चाललंय, पावसाळ्यात खाकी आणि दसरा झाला की कोयता. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. पाच-सहा महिने ही दोघं तिकडं पश्चिमेला आणि चैताली इथं आजीजवळ. आजी होती म्हणून पोरगी नववी पास झाली.

आता आजी नव्हती आणि चैताली दहावीला गेली होती. सगळी गोष्ट एवढ्यावरच आहे. पौर्णिमा या हिवाळ्यात गावात राहिली तर चैताली शाळेत जाणार, नाहीतर पोरगी आईबापाबरोबर फडावर जाणार आणि कोपी सांभाळणार. तिसरी वाट नव्हती. म्हणजे होती एक, तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहाची. ती मी बंद केली.

वैशाखात तिकडं उत्तरेत अतिरेक्यांनी माणसं मारली. आमच्या घरी जानकीबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन दिवस टीव्ही बंद करू दिला नाही, आणि तिला बघवतही नव्हतं. मेलेल्यांत आमच्याकडचं कोणी नव्हतं. तरी पारावरची माणसं त्या दिवसांत हळू बोलत होती. चौथ्या दिवशी पौर्णिमाच्या मोबाईलवर होमगार्डच्या ग्रुपचा निरोप आला. अलर्ट. सगळ्यांनी हजर व्हा. एसटी स्टँड, धरण, मोठी देवस्थानं, सगळीकडं माणसं उभी करायची होती.

लिंबागणेशच्या अलीकडच्या फाट्यावरून आत आलं की आमचं गाव, आणि गावाच्या माळावर भैरोबाचं देवस्थान. रविवारी बरीच गर्दी होते. पौर्णिमाला तिथंच नेमलं. तिच्या बरोबरीच्या बायका तासतासभर एसटीनं जायच्या, हिला घरापासून पंधरा मिनिटं. बायकांची झडती घ्यायची, पिशव्या उघडून बघायच्या. गळ्यात शिट्टी, शिट्टीला निळी विणलेली दोरी, ती खांद्यावरून फिरवून खिशात सोडलेली. ती दोरी ती दर आठवड्याला धुवायची. वर्दीपेक्षा तिला दोरीचंच जास्त कौतुक.

महिनाभरानं एका दुपारी ती आमच्याकडं चहाला टेकली. बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला.

"काका, लई लाज वाटती."

"कशाची?"

"तिकडं माणसं मेली आन् मपल्याला रोजचं काम लागलं. भत्त्याचा मेसेज आला की आधी टीव्हीतली ती रडणारी बाई दिसती."

जानकीबाई आतून म्हणाली, "तू मारलंस का गं त्यांना? उन्हात उभी राहतीस त्याचे मिळतेत. चहा पी आधी, गार होतोय."

त्याच दिवशी पौर्णिमानं मला विचारलं. मृगाचे दिवस होते, वसतिगृहाचे अर्ज निघाले होते. आणि अजिनाथ मुकादम उचल घेऊन भीमनगरात फिरत होता. अजिनाथ वाईट माणूस नाही. हसून बोलतो, पण जोडीचे पैसे एकदा हातावर ठेवले की ट्रक निघेपर्यंत डोळ्याआड होऊ देत नाही.

"काका, तुमी तिजोरीत होतात. हे अलर्टचं काम कवर चालंल? दिवाळीनंतर ऱ्हाईल का? तसं आसंल तर पवनला एकट्यालाच अर्धा कोयता जाऊ देते. मी घरी ऱ्हाते. पोरीला वसतिगृहात टाकायची गरज न्हाई मंग. तिकडं तिचं मन लागायचं न्हाई."

आता मी काय केलं ते ऐका. मी चष्मा काढला. पुसला. आणि बत्तीस वर्षांचं शहाणपण तिच्यापुढं मांडलं. मागं मुंबईवर मोठा हल्ला झाला त्या हिवाळ्यात मी खिडकीवर होतो. वरून कागद आले होते. एका वाचनालयाच्या इमारतीचं बिल, एका पाझर तलावाच्या दुरुस्तीचं बिल, शाळेच्या संडासांचं बिल, सगळ्यांवर मी माझ्या हातानं 'तूर्त थांबवावे' असा शेरा मारला होता. आणि बंदोबस्ताची बिलं मात्र आली तशी पास होत होती, अगदी मार्च संपेपर्यंत. त्या संडासांचं बिल पुढं दोन वर्षं फिरलं. पण सुरक्षेचं शीर्ष एकदा उघडलं की ते मार्चआधी आटत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"मार्चपर्यंत तुला मरण नाही," मी म्हणालो.

"नक्की ना, काका?"

"नक्की."

तिनं गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि उठली. दुसऱ्या दिवशी अजिनाथनं पवनच्या हातावर अर्ध्या कोयत्याची उचल ठेवली. वसतिगृहाचा अर्ज चैतालीनं भरून ठेवला होता, तो मागच्या कोऱ्या बाजूला गणितं सोडवायला वापरला.

पावसाळा बरा गेला. पौर्णिमा देवस्थानात उभी. बायकांच्या कनवटीला काय असतं ते तिला न बघता कळायचं. म्हाताऱ्यांच्या चंचीत अडकित्ता. सुनांच्या कमरेला कपाटाच्या किल्ल्या. शाळेच्या पोरींच्या दप्तरात लोखंडी कंपासपेटी. झडती घेण्याची तिची एक तऱ्हा होती. आधी म्हणायची, "आज्जे, हात लावते बरं का," आणि मगच हात लावायची. एकदा विजयसिंहांच्या घरातली एक बाई आली. विजयसिंह म्हणजे देवस्थानचे अध्यक्ष, गावातले मोठे जमीनदार. बाई दोन पावलं मागं सरकली आणि म्हणाली, "लांबूनच बघ." का ते पौर्णिमाला कळलं, मागं उभ्या असलेल्या सगळ्यांनाही कळलं.

"लांबून बाँब दिसत न्हाई, वैनी," पौर्णिमा म्हणाली. "हात वर करा."

बाईनं हात वर केले. ही गोष्ट भीमनगरात महिनाभर पुरली.

नवरात्राच्या आधी देवस्थानात गेट आलं. आतून माणूस गेला की वाजणारं, वर लाल-हिरवा दिवा लागणारं. त्याबरोबर आठ कॅमेरे. सरकारनं दिले. विजयसिंहांनी नारळ फोडला आणि भाषण केलं. आता देवस्थान सुरक्षित आहे, आता माणसांवर अवलंबून राहायची गरज नाही, असं म्हणाले. पौर्णिमा शेजारी कात्रीचं ताट धरून उभी होती. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या वाक्याचा अर्थ माझ्यासारख्या माणसाला तिथंच कळायला हवा होता. कळला नाही.

ते गेट कशालाही वाजायचं. जोडव्यांना, पट्ट्याला, लाडवांच्या डब्याला. दोन दिवसांत लोकांनी दचकायचं सोडून दिलं. पण पौर्णिमा प्रत्येक वेळी बघायची. "उघडून दाखवा," हे तिचं ठरलेलं बोलणं. लहान लेकरं रस्त्यात तिला बघितलं की मुठी उघडून दाखवायची.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी माणसं आपापला कोयता भैरोबाच्या पायाला लावून आणतात. त्याशिवाय ट्रकात चढत नाहीत. या वर्षी वरून आदेश होता, कोणतंही शस्त्र आत जाता कामा नये. सकाळी बघतो तर गेटबाहेर बायाबापड्यांची ही गर्दी, ज्याच्या त्याच्या हातात कोयता, आणि समोर पौर्णिमा एकटी.

"अगं पौर्णे, कावून अडवतीस? हे हत्यार कव्हापासून झालं गं?" एक म्हातारी ओरडली. "तू बी ह्याच्यावरच जगलीस की!"

"जगले, मावशे. पण आत न्हाई नेता येत."

मला वाटलं आता भांडण होणार. पौर्णिमानं दोन पोती मागवली, बाजूला अंथरली, आणि सगळे कोयते तिथं ओळीनं ठेवायला लावले. मग देवळाच्या दारापर्यंत गेली आणि पुजाऱ्याला बाहेर घेऊन आली, भैरोबाचा अंगारा आणि कुंकवाची वाटी घेऊन. ऐंशीच्या वर कोयते होते. पुजाऱ्यानं वाकून वाकून प्रत्येकाला कुंकू लावलं. माणसं मोकळ्या हातानं गेटमधून आत गेली.

मला कारकुनाला मात्र चैन पडेना. ऐंशी कोयते, नोंद नाही, चिठ्ठी नाही, परत कसे देणार? मी घरी जाऊन रजिस्टर घेऊन आलो. पौर्णिमा हसली. "ऱ्हाऊ द्या, काका. मला ठावं हायेत." तोडणी करणारी प्रत्येक बाई आपल्या कोयत्याच्या मुठीला काहीतरी गुंडाळते, तळहात सोलू नये म्हणून. एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब, एकीच्या जुन्या लुगड्याचा काठ, एकीच्या मुठीला पोराच्या शाळेच्या शर्टाची बाही. बारा हंगाम त्यांच्याबरोबर तोडणी केलेली बाई ती. माणूस बाहेर आला की तिचा हात बरोबर त्याच्याच कोयत्यावर जायचा. एकाचीही अदलाबदल झाली नाही.

गर्दी ओसरल्यावर पोत्यावर बसून ती पाणी प्यायली. "ह्या वर्षी फडावर मपला कोयता न्हाई," ती म्हणाली. इतका मोकळा चेहरा तिचा मी आधी बघितलेला नव्हता. पुढच्या आठवड्यात पोरीला तालुक्याहून अभ्यासाचा टेबललॅम्प आणायचा आहे, तेवढं तिनं सांगितलं.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी ग्रुपवर निरोप आला. ती मोबाईल घेऊन आली आणि माझ्यापुढं धरला. मानधनाचं अनुदान संपलं आहे, पुढील आदेश होईपर्यंत नियमित बंदोबस्तासाठी कोणालाही बोलावू नये. दोन ओळी होत्या. मी चार वेळा वाचल्या.

"चूक झाली असेल," मी म्हणालो. "मी जिल्ह्याला जाऊन येतो."

जिल्ह्याच्या ठिकाणी माझे दोन दिवस गेले. एका ऑफिसात म्हणाले, आम्ही वर मागणी केलेली आहे. दुसऱ्यात म्हणाले, हा विषय आमच्याकडं येत नाही. तिसऱ्यात साहेब मीटिंगला होते. चहा सगळीकडं मिळाला, बसायला खुर्चीही मिळाली. कोणी वाईट वागलं असतं तर निदान चिडता आलं असतं. शेवटी मी कोषागारात बद्रीनाथकडं गेलो. बद्रीनाथ माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला.

"बघा भाऊसाहेब. मानधनाचं शीर्ष, शिल्लक शून्य. उन्हाळ्यापासून सगळ्यांना सलग दिवस दिले, त्यातच संपलं. आणि हे यंत्रसामग्रीचं. ह्यात अजून आहेत, मार्चच्या आत खर्च करायचेत. अजून चार देवस्थानांना गेट येणार आहेत."

"मग तिकडचे इकडं फिरवा की."

बद्रीनाथनं माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, एका शीर्षाचे दुसऱ्याला लावायचे नसतात, त्याला मुंबईची मंजुरी लागते, हे मला तुम्हीच शिकवलंय."

खरं होतं. एका डब्यातलं पीठ दुसऱ्या डब्यात घालायचं नाही, हेच मी आयुष्यभर राखत आलो. त्यानं पुढंही दाखवलं. शाळाखोल्या, रस्ते, दवाखान्याची दुरुस्ती, सगळ्यांवर तोच शेरा, तूर्त थांबवावे. माझ्या वेळी तो हातानं लिहायचो, आता आपोआप उमटतो.

परतीच्या एसटीत बसलो. राग कोणावर काढायचा? माणसं मेली होती. उद्या देवस्थानात खरंच काही झालं असतं तर गेट का नाही म्हणून आपणच ओरडलो असतो. पैसा एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकला तर पहिल्या ठिकाणी खड्डा पडणारच. ज्यांनी तिकडं गोळ्या झाडल्या त्यांना चैताली नावाची पोरगी ठाऊक नव्हती. ज्यानं गेटाची खरेदी मंजूर केली त्यालाही नव्हती. मला ठाऊक होती. आणि नक्की हा शब्द मी तोंडातून काढला होता.

वाटेत तालुक्याला उतरून वसतिगृहात गेलो. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "यादी जुलैतच भरली. बाहेर सोळा मुली थांबल्यात. तुम्ही जूनमध्ये का नाही आलात?"

घरी आल्यावर जानकीबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग पोरगी आपल्याकडं राहील. त्यात काय? मधली खोली रिकामीच आहे."

मला वाटलं होतं की ती का-कू करेल आणि मग मी तिची समजूत घालीन. तिनं एका वाक्यात निकाल लावला आणि कच खाल्ली ती मी. भीमनगरातली पोर सहा महिने आपल्या घरात, आपल्या ताटात, भाऊबंद काय म्हणतील, पुतण्याची सोयरीक जमत आलीय तिथं काय बोलतील. हे सांगतानाही मला लाज वाटते. मी म्हणालो, "बघू. सकाळी बोलतो पौर्णिमाशी." सकाळी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जानकीबाईनं दोन्ही दिवस मला विचारलं आणि तिसऱ्या दिवशी विचारायचं सोडून दिलं. त्या सोडण्यानं मी उठलो.

भीमनगरात गेलो तर पौर्णिमाच्या दारात पत्र्याची पेटी बांधून तयार. पवन चूल आणि ताडपत्री सुतळीनं आवळत होता. अजिनाथनं आदल्या दिवशी उरलेली अर्धी उचल आणून दिली होती. जोडी पुरी झाली होती. पौर्णिमा उंबऱ्यावर बसून कोयत्याची मूठ बांधत होती. मी नीट बघितलं. शिट्टीची निळी दोरी होती ती. पीळ बसवून, घट्ट, वेढ्याला वेढा लावून ती मुठीला गुंडाळत होती.

मी उभ्यानंच सगळं बोललो. पोरगी आमच्याकडं राहू दे, काकू सांभाळेल, मी अभ्यास घेईन, शाळेत सोडीन.

तिनं हातातला वेढा पुरा केला. मग वर बघितलं. डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"काकूला मपला जय भीम सांगा," ती म्हणाली. "लई मोठं मन हाय तिचं. पण काका, एकदा ऐकलं तुमचं."

पवननं मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "तसं न्हाई, काका. पोरगी वयात आलीय. सा म्हयने डोळ्याआड ठिवायचं मन होत न्हाई. आजी होती तवर निराळं होतं. सर म्हणलेत फॉर्म भरतो, परीक्षेला घेऊन या. मी आणीन. आन् तिच्या हातात कोयता देणार न्हाई, येवढं मी ठरवलंय."

ती आणील का? फेब्रुवारीत फड ऐन भरात असतो, मुकादम परीक्षेचे दोन-तीन आठवडे सोडील का? हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भैरोबाच्या माळावर थांबला, नेहमीप्रमाणे नारळ फोडायला. मी गेलो होतो. जानकीबाईनं शेंगदाण्याचे लाडू दिले होते, ते पौर्णिमाच्या हातात दिले. माणसं उतरली आणि कोयत्यांसकट गेटमधून आत गेली. गेट प्रत्येकाला वाजत होतं, लाल दिवा लागत होता. बाजूला प्लास्टिकची खुर्ची होती, पौर्णिमाची. तिच्यावर कोणी नव्हतं. पुजारी आतून ओरडला, "चला चला, या आत." तो तरी काय करणार? कॅमेरे बघत होते, ते कोण बघतं ते मला ठाऊक नाही.

पौर्णिमा देवळात जात नाही. ती ट्रकजवळच उभी राहिली. तिनं पदराच्या गाठीतून शिट्टी काढली, पितळेची, नुसती, दोरीशिवाय. "ही हाफिसात जमा करा, काका. दोरी हरवली म्हणून सांगा."

"बरं," मी म्हणालो आणि शिट्टी खिशात टाकली.

पिण्याच्या पाण्याचा नळ गेटच्या आत आहे. चैताली कॅन भरून आणायला निघाली. पाठीवर दप्तर होतं. ट्रकात ठेवलं तर कोणीतरी त्यावर बसेल म्हणून तिनं ते काढलंच नव्हतं. ती गेटमधून गेली आणि गेट वाजलं. मला वाटलं, दप्तरात कोयता आहे.

"उघडून दाखव," पौर्णिमा ट्रकजवळून म्हणाली. सवयीनं म्हणाली. पाच महिने रोज शेकडो वेळा म्हटलेलं, तसंच निघालं. मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं तोंडावर पदर धरला.

चैताली थांबली. वळली. दप्तर पुढं घेऊन तिनं चेन उघडली आणि आतून लोखंडी कंपासपेटी काढून वर धरली, आईला दिसेल अशी. मागं गणिताचं पुस्तक डोकावत होतं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, परीक्षेला येईन ना मी?"

मी तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर आला होता, नेहमीचा. मी तो बोललो नाही. तिच्या हातातला कॅन घेतला आणि म्हणालो, "चल, भरून देतो."

ट्रक नऊच्या सुमाराला निघाला. चैताली मागच्या फळीला टेकून बसली होती, दप्तर मांडीवर. पौर्णिमानं हात केला नाही, कारण तिच्या एका हातात पेटीची कडी होती आणि दुसऱ्यात कोयता. फाट्यावर वळेपर्यंत मी बघत राहिलो.

मग तोंडावर पाणी मारावं म्हणून नळाकडं निघालो. गेटमधून पाऊल टाकलं आणि ते वाजलं. वर लाल दिवा. मी थांबलो. खिशात हात घातला, शिट्टी काढली, आणि तळहातावर ठेवून रिकाम्या खुर्चीपुढं धरली. तसाच थोडा वेळ उभा राहिलो. मागून एक म्हातारी आली आणि म्हणाली, "सरका की भाऊसाहेब, तिथं कोणी न्हाई."

मी सरकलो.